थांबलेलं दूध

गळीत हंगाम संपला, मिलचे रोलर उघडून ठेवले आणि दुरुस्तीची कामे सुरू झाली, की या पत्रिकेच्या पानांनाही जरा सवड मिळते. एरवी लागणीच्या नोंदी, खोडव्याची निगा, बेणेमळा, ठिबकचे अनुदान यांतून डोके वर काढायला जागा नसते. म्हणून या सवडीच्या अंकात आम्ही एका वेगळ्याच गावाबद्दल लिहीत आहोत. गाव आपल्या कार्यक्षेत्रातले नाही, जिल्ह्यातले नाही, देशातलेही नाही. तरी सभासद बंधू-भगिनींनी पान उलटू नये. विषय आपल्याच गोठ्याचा आहे.

झाले असे. आमच्या एका जुन्या सभासदाचा मुलगा चाकणच्या एका कारखान्यात मशीन शॉपला आहे. कंपनीने इटलीहून एक यंत्र आणले आणि ते चालवायचे शिक्षण घ्यायला या पोराला दोन महिने तिकडे पाठवले. परत आला तेव्हा सगळ्यांना वाटले, अत्तर आणील, चॉकलेट आणील. पोराने पिशवीतून काढला तो पिवळसर तपकिरी रंगाचा एक कठीण तुकडा. वरून गुळाच्या ढेपेसारखा, आतून जुन्या हस्तिदंतासारखा. म्हणाला, "अण्णा, चीज आहे. हे ज्या दुधाचं केलंय त्या दुधाची धार काढली तेव्हा मी अजून अप्रेंटिस होतो."

आम्ही हिशेब केला. अडीच वर्षे! आपल्याकडे सकाळचे दूध दहा वाजेपर्यंत संकलन केंद्रावर पोचले नाही तर सचिव परत पाठवतो.

पोराची आई माळकरी. आळंदीची वारी चुकली नाही कधी. तिने पहिला प्रश्न केला तो बरोबर केला: "हे घट्ट कशानं झालं?" पोरगा खरं बोलला. या पारंपरिक चीजचे दूध थिजवायला वासराच्या पोटातले रेनेट वापरतात. संपलं. तुकडा स्वयंपाकघराबाहेर गेला. आम्ही तिला दोष देत नाही. आपल्याकडे बाजारात जे चीज मिळते त्यावर बहुधा हिरवा ठिपका असतो, कारण इथे रेनेट जनावराचे न घेता सूक्ष्म जीवांपासून केलेले घेतात. त्यामुळे ती अडचण आपल्याला नाही. पण तिच्या त्या प्रश्नामुळे पोराला सगळी कृती मुळापासून सांगावी लागली आणि ओसरीवर बसून आम्ही ती ऐकली. हा लेख त्या बैठकीतून निघाला आहे.

गावाचे नाव बागोलिनो. इटलीच्या उत्तरेला ब्रेशिया जिल्ह्यात, आल्प्सच्या डोंगरांत, काफारो नदीच्या खोऱ्यात हे गाव आहे. खाली इद्रो नावाचे सरोवर. आपल्याकडे चासकमानच्या जलाशयाच्या कडेकडेने भोरगिरीकडे वर चढत जावे, तसे तिथे सरोवर मागे टाकून चढायचे, असे पोरगा म्हणाला. दगडी घरे एकमेकांच्या खांद्यावर उभी राहिल्यासारखी. बोळ असे अरुंद की आपली उसाची बैलगाडी आत घातली तर बैल सोडून गाडी उचलूनच बाहेर काढावी लागेल. रविवारची दुपार होती. दुकाने बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही, कुठून तरी भांड्यांचा आवाज आणि चर्चची घंटा. "इतकी शांतता होती की मला चाकण चौक आठवला," असे पोरगा म्हणाला. चाकण चौकात ज्याने तळेगावचा रस्ता ओलांडला आहे, त्याला या वाक्याचा अर्थ सांगायला नको.

पण आम्हाला खरे नवल वाटले ते पुढे. ब्रेशिया जिल्हा म्हणजे काही गवताळ, गरीब मुलूख नव्हे. खालच्या खोऱ्यांत सगळे लोखंडाचे राज्य आहे. ओतशाळा, लेथ, नळाच्या तोट्या, सुऱ्या-चमचे, यंत्रांचे सुटे भाग. गार्दोने नावाच्या गावात बंदुका करणाऱ्या बेरेटा कंपनीची नोंद थेट 1526 सालची आहे. शिवाजी महाराजांच्या जन्माच्या शंभर वर्षे आधीची! म्हणजे पिंपरी, भोसरी, तळवडे, चाकण हे सगळे एकत्र केले आणि त्याला चारपाचशे वर्षांची सवय लावली, तर जे होईल ते ब्रेशिया. आणि त्याच जिल्ह्यात वर डोंगरात मोजकी कुटुंबे अजून गाई राखून आहेत, उन्हाळ्यात जनावरे घेऊन वरच्या कुरणात राहायला जातात आणि 'बागोस' नावाचे चीज करतात. बागोस म्हणजे बागोलिनोचे. गावाचे नाव तेच चीजचे नाव.

कृती ऐकताना आम्हाला आपले गुऱ्हाळ आठवत होते. तपकिरी रंगाच्या डोंगरी गाईंचे कच्चे दूध. थोडा वेळ ठेवून वर आलेली साय काही प्रमाणात काढून घ्यायची. मग तांब्याची मोठी काहील, खाली लाकडाचा जाळ. रेनेट घालून दूध थिजवायचे, थिजलेले दूध मोडून त्याचे कण करायचे, पुन्हा तापवायचे, निवळी काढून टाकायची आणि गोळा साच्यात घालायचा. त्यात ते चिमूटभर केशर घालतात. आपण बासुंदीत घालतो तेच केशर. मग मीठ चोळायचे, आणि ढेप फळीवर ठेवून वरून जवसाचे तेल चोळत राहायचे. जवसाचे तेल! आमच्या आजीच्या काळी आपल्याकडे रब्बीत जवस होते, तेल निघत होते. आता खेड-शिरूरमध्ये जवसाचे शेत दाखवा आणि बक्षीस न्या. त्या तेलाने ढेपेची पाठ तपकिरी होते. एक ढेप सोळा ते बावीस किलोची. ती निदान वर्षभर, पुष्कळदा दोन-तीन वर्षे मुरत ठेवतात.

गुळव्या जसा काहिलीतल्या रसाचा नुसता आवाज ऐकून 'आता उतरवा' म्हणतो, तसा तिथला चीज करणारा हात घालून ओळखतो. यात विशेष विज्ञान नाही असे कोणी समजू नये. विज्ञान आहे, पण ते हातात आहे.

आता आमचा मुद्दा. ऊस थांबत नाही. तोडून चोवीस तास गेले की उतारा घसरायला लागतो. दूधही थांबत नाही, चार तासांत नासायला लागते. ज्याचा माल थांबत नाही, त्याचा भाव दुसरा कोणी तरी ठरवतो. ही गोष्ट आपल्या वडीलधाऱ्यांना पुस्तक न वाचता कळली होती. 1950 साली प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी जे उभे केले ते नुसते यंत्र नव्हते. न थांबणाऱ्या उसाची थांबणारी साखर करण्याची ती सोय होती आणि ती सोय उसाच्या मालकाच्याच हातात होती. साखर म्हणजे थांबलेला ऊस. त्याच चालीने बोलायचे तर चीज म्हणजे थांबलेलं दूध.

पण इथे एक फरक आहे आणि तो आम्ही लपवणार नाही. साखर थांबली तरी सुधारत नाही. गोदामात पोते सहा महिने राहिले तर त्याची गोडी वाढत नाही, बँकेचे व्याज मात्र वाढते. त्यातून 2018 साली केंद्राने साखरेला किमान विक्रीदर 29 रुपये बांधून दिला आणि 2019 मध्ये तो 31 केला, तेव्हा कुठे मळी, बगॅस, आसवनी यांच्या आधाराने कारखान्यांनी श्वास घेतला. चीजचे उलटे आहे. ते जितके थांबेल तितका त्याचा भाव चढतो. म्हणजे व्याजाच्या वेगाशी शर्यत करू शकेल असा हा माल आहे. आपल्या सगळ्या शेतीमालात असे काय आहे? आम्ही ओसरीवर बसून आठवत होतो. जुना तांदूळ. जुनी चिंच. जुने तूप, वैद्य मागतात ते. झालं, यादी संपली.

थांबायचे म्हणजे भांडवल लागते. इथे इटलीतल्याच दुसऱ्या एका चीजची गोष्ट सांगावीशी वाटते. पार्मेजान म्हणून हॉटेलात जे किसून घालतात त्याचे मूळ म्हणजे पार्मा आणि रेज्जो एमिलिया भागातले पार्मिज्यानो रेज्जानो. एक ढेप साधारण चाळीस किलोची, तिला पाचशे लिटरच्या वर दूध लागते. म्हणजे किलोला तेरा-चौदा लिटर. तिथली पुष्कळ चीजघरे सहकारी आहेत. सभासद दूध घालतात आणि पूर्ण हिशेब चीज विकल्यावर होतो. आपल्या अंतिम हप्त्यासारखाच, फक्त तिथे वाट वर्षाहून जास्त पाहावी लागते. मग तोवर घर कसे चालायचे? त्या भागात क्रेडेम नावाची एक बँक आहे. ती चीजच्या ढेपा तारण घेते! बँकेच्या गोदामात काही लाख ढेपा फळ्यांवर रचलेल्या असतात. तारण पडलेला माल तिथे नुसता पडून राहत नाही, त्याला उलटतात, पुसतात, तपासतात. कर्ज फिटेपर्यंत माल मुरतो आणि माल मुरतो तसे तारणाचे मोल वाढते. आपली जिल्हा बँक साखरेची पोती तारण घेते, तोच मार्ग. यात आपल्याला अनोळखी असे काही नाही. आमच्या अकाउंट खात्यातील मंडळींना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "साहेब, म्हणजे त्यांच्या गोदामाला कुलूप बँकेचं आणि आत पोरं आपली." अगदी बरोबर.

आणि नियम. बागोलिनोच्या डोंगरावर काय किंवा पार्म्याच्या बाजूला काय, भाव आहे तो नियमामुळे आहे. पार्मिज्यानोचा संघ 1934 सालचा. त्याचा एक नियम ऐकून आपल्यातले दुग्धव्यवसाय करणारे सभासद चकित होतील. गाईला मुरघास घालायचा नाही. आपल्याकडे मुरघासाचा प्रसार जोरात चालू आहे, आमच्या शेतकी खात्यानेही मेळावे घेतले, आणि दूध विकायचे असेल तर ते योग्यच आहे, चाऱ्याची टंचाई असताना मुरघासाने अनेकांची दावण वाचवली. पण मुरघासातून काही जिवाणूंची बीजे शेणात येतात, सडाला लागतात, दुधात उतरतात. दूध पिऊन टाकले तर काही बिघडत नाही. चीज करून ठेवले तर पाचसहा महिन्यांनी आतून वायू धरतो, ढेप फुगते, तडकते. म्हणून तिथे वाळलेले गवत. वर्षाने जाणकार येतो, लहानशा हातोडीने ढेप ठोकून आवाज ऐकतो. आवाज पोकळ आला की ढेपेच्या पाठीवरचे नावच खरवडून काढतात. माल फेकत नाहीत, खायला चालतो, पण त्या नावाने विकता येत नाही.

हे नाव खरवडणे आम्हाला फार महत्त्वाचे वाटते. आपल्याकडे कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळाले, उत्तम झाले. पण बाहेरचा गूळ कोल्हापुरी म्हणून विकला जातो ही ओरड काही थांबली नाही. नाव मिळवायला अर्ज लागतो. नाव राखायला शेजाऱ्याच्या ढेपेवर हातोडी मारायची हिंमत लागते, आणि तो शेजारी भाऊबंद असला, पॅनेलमधला असला, तरी मारावी लागते. आपल्या सोसायटीत दुधात पाणी कोण घालतो हे सगळ्या गावाला माहीत असते. पंचायत होते का? होत नाही. कारण पाणी घातलेले आणि न घातलेले एकाच टँकरमध्ये पडते. फॅट 3.5 आणि एसएनएफ 8.5 बसले की विषय संपला. चांगल्याला चांगलेपणाचे काही मिळत नाही आणि वाईटाची लाज कोणाला वाटत नाही, कारण त्या दुधाला गावच नसते.

आता कोणी म्हणेल, चीज करायला इटलीला कशाला जायचे, आपल्या मंचरला होते की. होते, खरेच होते. पराग ही खाजगी कंपनी 1992 साली मंचरला सुरू झाली, 2008 पासून ती तिथे चीज करते आणि 'गो' या नावाने ते देशभर जाते. आंबेगाव-जुन्नर-खेडच्या गोठ्यांतले दूध त्यात जाते. नारायणगावला जाताना हायवेवरून तो कारखाना आम्ही अनेकदा पाहिला आहे. त्यामुळे दुधाला गिऱ्हाईक वाढले हे मान्य करायला पाहिजे. पण ते चीज पुष्कळसे पिझ्झ्यावर आणि सँडविचमध्ये जाणारे. हिंजवडीत आणि चाकणच्या हॉटेलांत आपलीच पोरे ते खातात आणि त्यांना माहीतही नसते की आपल्याच आत्याच्या म्हशीचे, गाईचे दूध कदाचित फिरून आपल्याच ताटात आले आहे. पाकिटावर कंपनीचे नाव आहे. गाव कुठेच नाही. यात कंपनीचा काय दोष? नाव तयार करणे हे तिचे काम होते, तिने केले. आपले काम आपण केले नाही.

आणि आपल्याकडे थांबलेल्या दुधाची रीत नव्हती असे तर मुळीच नाही. सह्याद्रीच्या माथ्यावरचे गवळी धनगर आठवा. मुळशी-मावळच्या डोंगरांत त्यांचे धनगरवाडे आजही आहेत. माधव गाडगीळ आणि के. सी. मल्होत्रा यांनी पश्चिम महाराष्ट्रातल्या या लोकांचा अभ्यास करून 1982 साली लेख प्रसिद्ध केला. डोंगरमाथ्यावर म्हशी-गाई राखायच्या, दूध विरजायचे, ताक घरात प्यायचे आणि लोणी खाली खोऱ्यातल्या कुणब्यांना देऊन धान्य घ्यायचे, असा त्यांचा व्यवहार होता. दूध विकत नव्हते, कारण माथ्यावरून खाली येईपर्यंत दूध टिकणार नव्हते. लोणी टिकत होते. म्हणजे बागोलिनोच्या माणसासमोर जो प्रश्न होता तोच यांच्यासमोर होता, आणि उत्तरही तसेच काढले होते. पुढे रस्ते झाले, शहरे वाढली आणि माथ्यावरचे दूधच खाली यायला लागले. लोणी गेले. जाता जाता एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. हे माधवराव गाडगीळ म्हणजे प्रवरेच्या धनंजयरावांचे चिरंजीव. बापाने उसाला थांबायला शिकवले आणि ज्यांनी दुधाला थांबवले होते त्यांची नोंद मुलाने करून ठेवली. त्या घराचे आपल्यावर दुहेरी ऋण आहे.

फरक पडला तो इथे. बागोलिनोतही रस्ता झालाच. तिथलीही तरुण पोरे खालच्या कारखान्यांत उतरली, डोंगरात माणसे कमी झाली, पहिल्याइतकी दावणी तिथेही राहिल्या नाहीत. तिथे सगळे आलबेल आहे असे आम्ही म्हणत नाही. पण जे राहिले त्यांच्या मालाला गावाचे नाव होते, म्हणून त्यांना दूध टँकरमध्ये ओतावे लागले नाही. आपल्या माथ्यावरच्या लोण्याला नाव नव्हते. ते नुसते लोणी होते.

हे सगळे आम्ही उसाच्या पत्रिकेत का सांगतो आहोत? कारण थांबण्याची ताकद नसली की काय होते हे आपण चाकणच्या पट्ट्यात डोळ्यांनी पाहिले आहे. 1954 साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, 1962 मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, 1982 मध्ये पिंपरी-चिंचवडची महापालिका झाली. मग पुढे चाकण. बजाज आली, 2009 मध्ये फोक्सवॅगन आली, मागोमाग सुटे भाग करणारे शेकडो. कारखाने येऊ नयेत असे आम्ही कधी म्हटलेले नाही, आपलीच पोरे तिथे कामाला आहेत, हा तुकडाही त्यातूनच आला. पण संपादनाच्या बाहेरच्या ज्या जमिनी खाजगीत गेल्या, त्या कोणाच्या आधी गेल्या ते आठवा. ज्याच्या दावणीला चार दुभती होती आणि कॅनॉलचे पाणी होते तो म्हणाला, बघू पुढच्या वर्षी. ज्याच्या घरी लग्न निघाले होते, सोसायटी थकली होती, त्याने पहिल्या दलालाला हो म्हटले. पाच वर्षांनी शेजारच्याच गटाला किती पट भाव आला हे त्याने पेपरात नव्हे, पारावर ऐकले. पहिल्याला अक्कल कमी होती म्हणून असे झाले नाही. त्याला थांबता आले नाही, एवढेच.

दुधाचेही तेच. पुष्टकाळ आला की भाव पडतो. 2018 साली दूध रस्त्यावर आले, आंदोलने झाली. 2024 मध्ये सरकारला गाईच्या दुधासाठी लिटरमागे पाच रुपये अनुदान द्यावे लागले. अनुदान हवेच, त्याबद्दल वाद नाही. पण ते म्हणजे पुरात ओढून बाहेर काढणे. पोहायला शिकणे त्यात नाही.

तेव्हा आमचे मत स्पष्ट सांगतो. आपण उद्या उठून चीजचा प्रकल्प काढावा असे आम्ही म्हणत नाही. सहकारात 'प्रकल्प' हा शब्द ऐकला की आमच्या पोटात गोळा येतो. इमारत होते, उद्घाटनाची कोनशिला होते आणि मग भिंतीवर पिंपळ उगवतो. शिवाय मुरवायला थंडावा लागतो. बागोलिनोला तो डोंगर फुकट देतो, आपल्याला महावितरणकडून विकत घ्यावा लागेल. पण तुपाला थंडावा लागत नाही. कार्यक्षेत्राच्या वरच्या बाजूला, ज्या डोंगरांचे पाणी चासकमानमध्ये साठून आपल्या उसाला येते, त्या डोंगरांच्या पायथ्याच्या वाड्यांत अजून गावठी गाई आणि म्हशी आहेत. पावसाळ्यात त्यांना रानातले हिरवे गवत मिळते. तिथले वीस घरांचे दूध वेगळे घ्यावे. त्याचे विरजून, घुसळून तूप करावे. डब्यावर त्या वाडीचे नाव घालावे, आमच्या कारखान्याचे नव्हे आणि अध्यक्षांच्या फोटोचे तर नव्हेच नव्हे. प्रत्येक डब्याला नंबर असावा. नियम त्या वीस घरांनी स्वतः करावेत आणि मोडणाऱ्याच्या डब्यावरचे नाव त्यांनीच खरवडावे. दूध घातल्यावर दहा दिवसांनी काही रक्कम हातावर, बाकीची तूप विकल्यावर. मधल्या काळासाठी आपल्या पतसंस्थेने तुपाचे डबे तारण घ्यावेत. पोत्यावर कर्ज देता येते तर डब्यावर का येऊ नये?

गिऱ्हाईक कुठे आहे म्हणाल, तर ते आपल्या दाराशी आहे. पिंपरी-चिंचवडमध्ये आणि चाकणच्या नव्या सोसायट्यांत ज्या लाखो लोकांनी घरे घेतली, त्यांना खात्रीचे तूप मिळत नाही ही त्यांची रोजची तक्रार आहे. वाडीवर येऊन गोठा पाहायची त्यांची तयारी असते. बागोलिनोला पोरगा असाच गेला होता की! रविवारी, शांत गाव बघायला. एका म्हातारीच्या दुकानातून तुकडा घेतला. किलोचा भाव रुपयांत केला तर हजारांच्या भाषेत होता. पोराने तोंड वाकडे केले तेव्हा तिने त्याला आत नेले आणि फळीवरच्या ढेपा दाखवल्या. एक अक्षर त्याला कळले नाही. पण परत आल्यावर त्याने पैसे दिले.

आणि उसवाल्या सभासदांसाठी एक वेगळी सूचना, विषय निघालाच आहे म्हणून. हंगामात आपल्या जनावरांना महिनोन्‌महिने नुसते वाढे घालतात. वाढ्यात ऑक्झॅलेट असते, ते जनावराच्या अंगातले कॅल्शियम ओढते. वाढे फुकटात मिळते म्हणून एकट्या वाढ्यावर दावण सोडू नये. बरोबर कडबा, थोडी डाळवर्गीय वैरण आणि खनिज मिश्रण द्यावे. जोडधंदा जोडायचा असेल तर आधी जनावर उभे राहिले पाहिजे.

वरच्या वाड्यांतल्या ज्या घरांत अजून विरजण लावून तूप कढवतात, त्यांनी आपापल्या गट कार्यालयात नाव, जनावरांची संख्या आणि पावसाळ्यात साधारण किती दूध निघते ते सांगावे. चिटबॉयला निरोप दिला तरी चालेल. वीस घरे झाली तर वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा असे पत्र आम्ही संचालक मंडळाला देणार आहोत, झाली नाहीत तर पुढच्या अंकात तसे छापू. आणि तो तुकडा अजून आहे. पोराच्या आईने घरात घेतला नाही म्हणून तो आमच्या ऑफिसातल्या कपाटात फडक्यात गुंडाळून ठेवला आहे. कोणाला पाहायचा, हुंगायचा असेल तर यावे. खाण्याआधी मात्र रेनेटची गोष्ट आम्ही सांगणार.